कुकीज नाकारल्या आहेत

६ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून बोंडअळीच्या भरपाईसाठी तक्रारी ऑनलाईन, मुदत महिनाअखेर. वरवट बकालमध्ये कॉम्प्युटर समजणारा माणूस एकच, आणि हे झेरॉक्सचं दुकान त्याचंच. ठरवलं: अख्ख्या गावाच्या तक्रारी मीच भरणार.

पहिली आली गल्लीतली रुख्मिणीबाई. पदरात बोंडं. एक फोडून दाखवलं. कापूस नाही, आत गुलाबी अळी. म्हणे, बीटीले अळी लागतच नाही असं बियाणं देतानी सांगतलं होतं. धीर दिला. तक्रार गेली की शेतकी खात्याचे साहेब पाहणीला येतील, तोवर कपाशीचं झाड उपटायचं नाही, पऱ्हाटी तशीच उभी ठेवायची. पुरावा आहे तो.

साइट उघडताच खाली पट्टी: कुकीज स्वीकारा की नाकारा. मी कच्चा नाही. कुकीज म्हणजे आपल्या मशीनमध्ये बसवलेला हेर. नाकारा दाबलं. रुख्मिणीबाईला फार हायसं वाटलं असावं.

८ नोव्हेंबर
लॉगिन केलं. ओटीपी आला. गट नंबर टाकला, पुढे दाबलं. स्क्रीनवर: कृपया पुन्हा लॉगिन करा. दुपारपर्यंत हेच. सर्वरचा दोष. बाई बाकावर बसून होती. तिला सर्वर म्हणजे काय ते सविस्तर समजावलं.

११ नोव्हेंबर
फातिमा डबा घेऊन आली. बायकोला मशीनपाशी बसू द्यायला नको होतं. तिनं पट्टीवरचा मजकूर शेवटपर्यंत वाचला. म्हणे, इथं तर लिहिलंय, लॉगिन टिकवायला या कुकीज लागतात, नाही घेतल्या तर साइट दर पानावर तुम्हाला विसरते. मग घ्या ना. मी म्हटलं, त्यांना तेच तर पाहिजे. ती डबा ठेवून घरी गेली. पटलं.

१४ नोव्हेंबर
दुकानावर बोर्ड लावला: येथे कुकीज स्वीकारल्या जात नाहीत. रस्त्यानं जाणारे कचरूभाऊ थांबले. विचारलं, तू बिस्किटं केव्हापासून ठेवून राह्यला होता बे?

लोकजागृती सोपी नाही. गिऱ्हाईक कमी आहे. थंडीमुळे.

२० नोव्हेंबर
गावातल्या इंद्रभानच्या वावरात पाहणी झाली. त्याची तक्रार कोणी भरली, कळत नाही. साहेब गेले तशी त्यानं पऱ्हाटी उपटली, हरभरा पेरायला घेतला.

रुख्मिणीबाई विचारायला आली. निजामभाऊ, माह्या वावरात कधी येतीन? हरभऱ्याची वेळ चालली. म्हटलं, उद्या नक्की. उद्यापासून लवकर उठून लॉगिन. सकाळी सर्वर रिकामं असतं.

२५ नोव्हेंबर
उठणं जमलं नाही. पण उलगडा झाला. फातिमा घरच्या ओट्यावर बसून आपल्या मोबाईलवरून तक्रारी भरते. बिनदिक्कत स्वीकारा दाबून! इंद्रभान, कचरूभाऊ, शालूबाई, सगळ्यांच्या गेल्या. हेर आता आमच्याच घरात.

रुख्मिणीबाईलाही तिनं बोलावलं होतं. बाई म्हणाली, निजामभाऊ करून राह्यले ना, त्यायले वाईट वाटन. किती विश्वास! फातिमा म्हणाली, तिची तरी आज मला भरू द्या. साफ नाही म्हटलं. माझ्याकडे आलेलं काम मीच करीन. ती रात्री जेवली नाही. मी जेवलो, पण भाकर कडू लागली. पीठ खराब असावं.

३० नोव्हेंबर
शेवटचा दिवस. खबरदारी म्हणून ब्राउझरमधल्या जुन्या कुकीजही पुसल्या. लॉगिन. पुन्हा लॉगिन. बाई दिवसभर बाकावर. मध्येच म्हणाली, वावरात जाऊशी वाटत नाही, बोंडं फुटतच नाहीत, काळी पडून राह्यली. मी पुन्हा लॉगिन केलं. काम होतं.

मुदत वाढेल. नेहमी वाढते.

१ डिसेंबर
दुकानात कोणी नव्हतं. स्वीकारा दाबलं. फक्त काय होतं ते बघायला.

लॉगिन झालं. पुढचं पान उघडलं. त्याच्या पुढचंही. रुख्मिणीबाईचं नाव, गट नंबर, सगळं जागच्या जागी राहिलं. कुठंच काही तुटलं नाही. शेवटच्या पानावर एक ओळ: मुदत संपली आहे.

तेवढ्यात ती आलीच. निजामभाऊ, गेली ना तक्रार? तोंडातून ‘हाव, गेली’ निघून गेलं.

तिला इतकं बरं वाटलं की बाकावर टेकलीसुद्धा नाही. जाता जाता म्हणाली, मंग आता साहेब येईलोक पऱ्हाटीले हात लावत नाही.