बडबडी दिवसभर गप्प

आई, नमस्कार. मी सुखरूप पोहोचले, वेळेवर जेवतेय, तेव्हा जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

शाळेतली माझी मैत्रीण, आपली बडबडी, भेटली. रात्री क्लबात जॅझ गाते, म्हणून गळा जपायला दिवसा चकार शब्द काढत नाही. तू जिला ‘अगं, जरा दम घे’ म्हणायचीस, ती आता चहात साखर किती हे बोटांनी विचारते! मला आधी हसूच आलं. मग उशाशी औषधाच्या बाटल्या दिसल्या. तिच्या घरी मात्र बोलू नकोस हं.

तुझा गुडघा कसा आहे? हे मी नाही, तीच विचारतेय. मी लिहीत असताना माझा हात धरून, बसक्या आवाजात. आज दिवसभरात ती एवढंच बोलली.

तुझीच,
धाकटी