अकराची फेरी

२१ एप्रिल, सोमवार
आले बाई एकदाची! मिरजेहून निघताना आईने दिलेल्या दशम्या कसालला उतरेपर्यंत संपल्या. तिथून रिक्षावाल्याने थेट महालाच्या दारात आणून सोडलं. महाल म्हणायचं, पण वर दिसतो तो नुसता कातळ आणि काजूची झाडं. सात वर्षांपूर्वी इथल्या चिरेखाणीत दगड कापता कापता यंत्राचं पातं पोकळीत गेलं. खाली बारा दालनं निघाली, कुण्या प्राचीन सम्राटाची. भिंतीवरचं त्याचं नाव अजून कुणाला वाचता आलेलं नाही. लोकांना आत फिरवून आणणारी गाईड म्हणून मला अकरा महिन्यांच्या कराराने घेतलंय. इतिहासात एम.ए. करून तीन वर्षं घरी बसलेल्या मुलीला आणखी काय हवं?

तिकिटाच्या खिडकीत दीपिका बसते, माझ्याच वयाची. आल्या आल्या तिने सोलकढी पाजली. मला खोली मिळाली आहे तिकीटघराच्या मागेच. धाकट्या विनीताचा साखरपुडा एक जूनला आहे, तेवढी सुट्टी लागेल, हे व्यवस्थापक विश्वेश सरांना आजच सांगून टाकलं. ते हसून हो म्हणाले.

२६ एप्रिल, शनिवार
आज पुन्हा तेच. अकराची फेरी साडेअकराला आत गेली, आणि कारण शंकरकाका! हे इथल्या वाडीतले म्हातारे गृहस्थ. दारात नारळ-विडा ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय ते लोखंडी दरवाजाला हात लावू देत नाहीत. इकडे कुठलंही काम काढायचं तर आधी जागेच्या धन्याला मोठ्याने सांगावं लागतं, की आज अमुक माणसं आली आहेत, त्यांना आत घे आणि सुखरूप बाहेर सोड. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मला तो प्रकार आवडतो. पण काका प्रत्येक पाहुण्याचं नाव-गाव विचारून ते गाऱ्हाण्यात घेतात. बावीस माणसं, आणि एप्रिलचं ऊन!

त्यात एक गृहस्थ रोमला जाऊन तिथल्या बादशहाचा जमिनीत गाडलेला राजवाडा बघून आलेले. तिथे मिनिटावर काम कसं चालतं, डोक्यावर टोप्या कशा देतात, हे त्यांनी दालनागणिक ऐकवलं. बाराव्या दालनात वाटलं, यांनाच गाईड करावं आणि आपण घरी जावं.

संध्याकाळी सर मलाच बोलले. वेळ पाळता येत नसेल तर करार वाढवताना विचार करावा लागेल म्हणे. चोर सोडून संन्याशाला फाशी!

३ मे, शनिवार
शंकरकाका लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर आरोंद्याला गेले. जाताना सांगून गेले, ‘मी येयसर दार उघडू नको गो बाय.’ म्हणजे ते येईपर्यंत सगळं बंद. सरांना फोन केला तर ते म्हणाले, सुट्टीचे दिवस आहेत, दरवाजा बंद ठेवलात तर तुमचीही गरज उरणार नाही. दोघांचं भांडण, आणि जात्यात मी.

मग मीच घातलं गाऱ्हाणं. नाव-गाव विचारण्यात वेळ घालवला नाही. कंबरेवर हात ठेवून सांगितलं, महाराजा, मी गौरजा. मी रोज अकराला तुझ्या दारात माणसं घेऊन येईन, तू फक्त आम्हाला वेळेत बाहेर सोड. पाहुण्यांनी हौसेने ‘व्हय म्हाराजा’ केलं. आतूनही तेच घुमलं, जरा उशिराने. फेरी बरोबर चाळीस मिनिटांत संपली, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. इतकं सोपं होतं तर! उगीच दोन आठवडे बोलणी खाल्ली.

६ मे, मंगळवार
आज आठवड्याची सुट्टी. दीपिकाबरोबर धामापूरला गेले. भगवतीचं दर्शन घेतलं आणि अकराच्या सुमारास तलावाच्या पायऱ्यांवर बसलो. मग एकदम दीपिका मला गदागदा हलवत होती. ती म्हणते, मी चाळीस मिनिटं पाण्याकडे तोंड करून बोलत होते. हे पहिलं दालन, इथे पहारेकरी उभे राहत, पायरी सांभाळा. पार बाराव्यापर्यंत. तिने हाका मारल्या तरी ओ दिली नाही म्हणे.

मला काहीच आठवत नाही. डोळा लागला असेल. दमलेय मी, दुसरं काय! एका माणसाकडून चौघांचं काम करून घेतात आणि वर तोंड वर करून बोलतात.

१३ मे, मंगळवार
आज खोलीबाहेर पडायचंच नाही असं ठरवलं. दीपिकाला बाहेरून कडी घालायला सांगितली. अकराला पलंगावर बसले होते. मग घड्याळात अकरा चाळीस. कडी तशीच, खिडकी बंद.

फरशीवर लाल मातीचे पाय उमटलेत. अनवाणी, लहान-मोठे, दाटीने. सगळ्यांचे अंगठे माझ्याकडे. गाईडपुढे लोक उभे राहतात तसे.

फरशी तीनदा पुसली. दीपिकाला दाखवलं नाही. तिने सरांना सांगितलं तर वेडी म्हणून घरी पाठवतील. पाठवू देत की मेले!

२५ मे, रविवार
पाऊस लवकर आला. उद्यापासून महाल बंद, थेट ऑक्टोबरात उघडणार. कुलूप लावून किल्ली सर घेऊन गेले, दीपिकाही घरी गेली. उद्या सकाळची कोल्हापूरची गाडी. साखरपुड्याला सहा दिवस आधी पोचेन.

२६ मे, सोमवार
सव्वादहाला कसालला गाडीत बसले. खिडकीजवळची जागा. कंडक्टरने तिकीट फाडलं.

अकरा चाळीसला महालाच्या दारात उभी होते. हातात बॅग, मुठीत तेच तिकीट. चप्पल लाल मातीने भरलेली.

रडले. मग राग आला. कुणावर काढायचा तो?

दुपारी आरोंद्याला फोन केला, काकांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या गाऱ्हाण्यातला शब्दन् शब्द विचारून घेतला. मग म्हणाले, गाऱ्हाणं नेहमी दुसऱ्यासाठी घालायचं असतं, स्वतःच्या नावाने कधी नाही, आणि कबूल तर काहीच करायचं नाही. ‘शब्द दिलंस तू. माणसा नाय नेलंस, तर तो आपली खंयसून तरी हाडतलो.’ म्हणजे मी नेली नाहीत, तर तो कुठून तरी आणणारच. आता दुसऱ्या जाणत्या माणसाने माझं नाव घेऊन गाऱ्हाणं घालायला हवं, तेही अकराच्या आत. परवा सकाळी दहाला येतात. भिया नको म्हणाले.

म्हणे भिऊ नको!

२७ मे, मंगळवार
अकराला आज जागी होते. पूर्ण जागी. घसा बंद — शब्दच फुटेना.

दाराला कुलूप होतं. आतून माझा आवाज येत होता. हे पहिलं दालन. पायरी सांभाळा.

त्याला आता माझीसुद्धा गरज नाही.

विनीताचा फोन. उद्या स्वतः गाडी घेऊन न्यायला येते म्हणाली. नको नको म्हटलं, तर म्हणे ताई, तुझी नाटकं पुरेत. निदान बारानंतर ये, म्हणून शपथ घातली. तिने ऐकलं की नाही कळलं नाही — रेंज गेली.

२८ मे, बुधवार
दहा वाजले. काका नाहीत.

दहा वीस. फोन लागत नाही. रस्त्यावर झाड पडलंय, वाटेने जाणारा एकजण म्हणाला —

दहा चाळीस. विनीता आली. पहाटेच निघाली, वेडी! गाडीतून उतरू नकोस म्हटलं, काचा लावून बस. काकांना बघायला वळणापर्यंत पळत गेले.

परत आले — गाडी रिकामी. दरवाजा सताड उघडा. कुलूप खाली पडलंय.

अकरा. ओरडतेय — आवाज नाही. आत बोलतोय तो. माझ्या आवाजात. आणि मागून ती — ताई, हळू चाल ना गं, दिसत नाही मला —

काका, हे पान दारात दगडाखाली ठेवते. मी आत जातेय. ती विनीता, मिरजेची, पिवळा ड्रेस. अजून पाचव्या दालनात असेल. माझ्या नावाने घालू नका आता, तिच्या जागी मी राहते. तिचं नाव घ्या, तिचंच, आणि मोठ्याने म्हणा, तिला ऐकू गेलं पाहिजे की बाहेर येताना मागून मी कितीही हाका मारल्या तरी तिने मागे वळून —