कापलेले तुकडे परत पाठवण्याबाबत

आदरणीय भाऊजींना,

सविनय नमस्कार. (नमस्कार मनापासून आहे. पुढचं पत्रही मनापासूनच आहे, म्हणून आधी सांगून ठेवते.) तुमचा गुडघा कसा आहे? दुखत असेल. आमच्या दिवाणखान्यात अख्खी दुपार गुडघ्यावर बसून करवत चालवल्यावर तो दुखणारच, आणि खरं सांगायचं तर थोडा दुखावा असं मलाही वाटतं. जाऊबाई बऱ्या असतील. त्यांना नमस्कार सांगा, त्यांच्यावर माझा काही राग नाही. मी ठीक आहे. चष्म्याच्या दुकानात पुन्हा जायला लागले आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवते, 'आता स्पष्ट दिसतंय का' विचारते, आणि संध्याकाळी घरी येऊन दिवा लावला की मला जे स्पष्ट दिसतं त्याबद्दल हे पत्र आहे.

इतक्या वर्षांत मी तुमच्याशी 'चहा ठेवू का' आणि 'सावकाश जा' यापलीकडे फारसं बोललेले नाही. त्या दिवशीही बोलले नाही. घरात पाऊल टाकलं, तुम्ही काय करून ठेवलंय ते पाहिलं, आणि तोंडून निघालं ते 'चहा ठेवू का?' तुम्ही म्हणालात, 'अर्धा कप.' तो अर्धा कप मी कसा केला ते माझं मला माहीत. तर आता लिहून सांगते. आमच्या फर्निचरचं तुम्ही जे जे कापून गाडीच्या डिकीत घालून नेलंत, ते ते मला परत हवं आहे. पट्ट्यापट्ट्यांचे तुकडे, सापाच्या कातडीसारखे दिसणारे, अगदी तो पिवळा गोळासुद्धा. येत्या गुरुवारी वस्तुसंग्रहालयाच्या बाई येणार आहेत. हे सगळं त्या एकत्र न्यायला तयार आहेत, पण मूळ रूपात असेल तर, किंवा निदान तोडलेलं सगळं हाताशी असेल तर. नसेल तर हे जन्मभर माझ्या गळ्यात राहील. तेव्हा गुरुवारच्या आत.

तुम्ही म्हणाल, हिला कुठे हे फर्निचर आवडत होतं? नव्हतंच आवडत. चाळीसेक वर्षांपूर्वी इटलीतल्या काही शिकल्यासवरल्या लोकांनी ठरवलं म्हणे, की कपाटात पुस्तकं राहिलीच पाहिजेत आणि खुर्चीवर बसता आलंच पाहिजे असा काही नियम नाही. (हे ठरवताना ते स्वतः कशावर बसले होते, हे मी तुमच्या भावाला अनेकदा विचारलं.) दिवसभर दवाखान्यांसाठी दातांच्या कवळ्या बनवणारा माणूस या लोकांच्या नादी का लागावा, हे मला लग्नानंतर बऱ्याच उशिरा कळलं. हे म्हणायचे, 'सकाळपासून संध्याकाळपर्यंत दात एका रेषेत लावतो. घरी आल्यावर मला एक तरी वाकडी वस्तू बघू दे.' एक म्हणता म्हणता घर भरलं. कुठे केस कापायचं जुनं दुकान बंद होतंय, कुठे हॉटेलवाला जागा रिकामी करतोय, की निघाले. ते टेबल तुम्हाला चांगलंच माहीत आहे. त्याचा एक पाय शंकूसारखा, एक चेंडूसारखा आणि तिसरा मुद्दाम आखूड, त्यामुळे पाहुण्यापुढे ठेवलेला कप बोलता बोलता यजमानाकडे येत असे. माझी बहीण एकदा तासभर बसून एकही घोट न घेता गेली आणि आम्ही चिक्कू आहोत असं माहेरी सांगितलं.

आणि ते कपाट. घराच्या मधोमध, हात फाकून कवायत करणाऱ्या माणसासारखं. सगळ्या फळ्या तिरक्या. पुस्तक ठेवलं की ते शेजारच्या पुस्तकाच्या अंगावर जाऊन पडतं आणि तिथेच राहतं. ते घरी आणलं त्या दिवसाची आठवण तुम्हाला करून द्यायची गरज नाही, पण देते. जन्म लिफ्ट बसवण्यात गेलेला सख्खा भाऊ असताना यांना ते कपाट लिफ्टमध्ये उभं घालायची बुद्धी झाली. त्याचा एक हात दारात अडकला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. आत हे आणि कपाट, एकमेकांना मिठी मारून. तुम्हाला बोलावलं. तुम्ही वरून वाकून पाहिलंत आणि म्हणालात, 'धाकट्या, तुला काढू की त्याला?' हे आतून म्हणाले, 'दादा, आधी त्याला. मी थांबतो.' सगळा जिना हसला. तुम्ही हसला नाहीत. त्यानंतर तुम्ही आमच्याकडे आलात की त्या कपाटाकडे पाठ करून बसायचात, म्हणजे बसायला जागा मिळालीच तर.

ती कधी मिळाली नाही हेही मान्य. हे गेले त्या आठवड्यात भेटायला आलेल्या माणसांचे जे हाल झाले ते आठवलं की मला आजही लाज वाटते. (आणि हसूही येतं, त्याची जास्त लाज वाटते.) यांच्याकडून कवळ्या करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाई ज्याच्यावर बसल्या ती फळांची परडी होती. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर त्या तिकोनी खुर्चीत बसले खरे, पण उठताना खुर्ची त्यांच्याबरोबर उठली. ते रडू आवरत होते की खुर्ची, कोणालाच कळेना. तुमच्या भावाने आयुष्यभर लोकांची तोंडं नीट केली आणि जाताना लोकांना टेकायला जागा ठेवली नाही. (मी 'तुमच्या भावाने' असं लिहितेय. राग आला की मला 'हे' म्हणवत नाही.) सकाळी दाढी करता करता माणूस जातो, एक शब्द न बोलता. घरभर त्याचं हे रंगीबेरंगी तांडव उभं राहतं आणि ते पुसत बसायचं बायकोने. मी त्याच दिवशी ठरवलं, हे सगळं घालवायचं आणि एक साधा, चारी पाय सारखे असलेला सोफा आणायचा. संग्रहालयाला फोन मीच केला.

तुमच्या घराण्याची रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. तुमच्याकडे कोणी गेलं की पुरुषमाणसं रडत नाहीत, हत्यारं काढतात. मामंजी गेले तेव्हा तुम्ही घरातले सगळे नळ बदललेत. सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही एकही दार कुरकुरायचं शिल्लक ठेवलं नाही, आणि यांनी फाटकाला रंग दिला. मी नवी होते, मला वाटलं घर विकायला काढलंय. नंतर कळलं की ही तुमची रडायची पद्धत. मला ती मान्य आहे, आवडतेसुद्धा. म्हणून जाऊबाईंना घेऊन बँकेत जाताना घराची किल्ली बिनदिक्कत तुमच्या हातात दिली. मनात म्हटलं, मोरीचा नळ ठिबकतोय, तो करतील.

नळ अजून ठिबकतोय.

भाऊजी, तुम्ही कपाटाच्या तिरक्या फळ्या मुळापासून कापल्यात आणि आडव्या ठोकल्यात. पाणसळ लावून ठोकल्यात, बुडबुडा अगदी मधोमध आहे, मी बघितलं. पुस्तकं उंचीप्रमाणे लावलीत, शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी करतात तशी. टेबलाचे दोन पाय कापून तिसऱ्याच्या मापाचे केलेत. चाकांवर कललेला तो दिवा, जो घरात आल्यापासून कोणाला तरी नमस्कार करत होता, त्याला ताठ करून खिळवून टाकलंत. तिकोनी खुर्चीच्या हातावरचा पिवळा गोळा टोचतो म्हणून काढून टाकलात, आणि तो तुम्हाला टोचायचं कारण काय, तुम्ही तर तिच्यावर कधी बसलाच नाहीत! वर रुमालाने हात पुसत म्हणालात, 'झालं! आता कसं माणसात आल्यासारखं दिसतंय.' भाऊजी, ते माणसात नव्हतं म्हणूनच त्यांनी आणलं होतं. तुम्ही लिफ्ट मजल्याला बरोबर लावणारे, तुम्हाला सगळं एका पातळीत लागतं हे मी समजू शकते. पण धाकटा भाऊ हयात असताना तुम्ही त्या कपाटाला बोट लावलं नाहीत. तो विरोध करायला उरला नाही तेव्हाच करवत आणलीत. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं आहे आणि खोडणार नाही.

आता रोज संध्याकाळी दिवा लावला की सगळं सरळ. एक वस्तू कललेली नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी घरात चुकून शिरल्यासारखं वाटतं, आणि मी दारातच चपला हातात धरून उभी राहते.

तुकडे कशातही गुंडाळून पाठवा, पण पाठवा. गुडघ्याला शेक घ्या, औषध चुकवू नका. रागारागाने लिहिलं तरी वडीलधाऱ्यांना लिहायची पद्धत सोडलेली नाही, एवढं लक्षात घ्यावं.

आपली,
धाकट्याची बायको

ता. क. : पत्र पाकिटात घालायच्या आत संग्रहालयाच्या बाई येऊन गेल्या. गुरुवारी त्यांना दुसरं काम निघालं. पांढरे हातमोजे घालून आल्या होत्या, अतिशय नम्र, कपाट बघून त्यांना खरोखर वाईट वाटलं. तुकडे मिळाले तर सगळं पूर्ववत जोडता येईल म्हणाल्या. मग त्यांनी पर्समधून छापील चिठ्ठ्या काढल्या आणि एक त्या तिकोनी खुर्चीवर चिकटवली, 'कृपया बसू नये.' मी म्हटलं, 'अहो, या खुर्चीवर रोज सकाळी एक माणूस बसून पेपर वाचत होता.' त्या म्हणाल्या, 'हो का? पण आता नाही ना बसणार.' त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नाही. चूक तर काहीच म्हटलं नाही. मी त्यांना चहा विचारला नाही, 'सावकाश जा' एवढंच म्हटलं आणि चिठ्ठी काढून टाकली. वस्तू कुठेही जाणार नाहीत. सोफाही येणार नाही. तुकडे मात्र हवेतच. आता संग्रहालयासाठी नाही, मला हवेत. घर होतं तसं वाकडं करून हवं आहे.

दुसरा ता. क. : पोस्टात जायच्या आधी जाऊबाईंना फोन केला, तुकडे जपून ठेवलेत ना हे विचारायला. आधी त्यांनी विषय बदलला. मग दबक्या आवाजात म्हणाल्या, 'ते काही देणार नाहीत गं. त्यांनी त्याचं काहीतरी केलंय.' तुम्ही गॅरेजला आतून कडी लावता, जेवायला हाक मारली तरी येत नाही, म्हणून तुम्ही अंघोळीला गेल्यावर त्या आत जाऊन बघून आल्या. स्टूल आहे की फुलदाणी ठेवायचं काही, त्यांना कळलं नाही. सगळे तुकडे आहेत, वर पिवळा गोळा आहे, आणि एका बाजूला कललेलं आहे. 'मी बसून पाहिलं तर सरळ खाली आले,' म्हणाल्या. तुम्हाला त्यांनी विचारलं, हे कशासाठी केलंत? तुम्ही म्हणालात, 'कशासाठीच नाही.' जन्मात पहिल्यांदा ह्यांच्या तोंडून असलं उत्तर ऐकलं, असं म्हणून त्या रडल्या. मग मीही.

तुकडे परत नकोत. तुम्ही जे केलंय ते मोडू नका. आमचं कपाट राहू दे सरळ, मी सवय करून घेईन. तुमचं ते कललेलं जसं आहे तसं उचलून या रविवारी घेऊन या, दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवू नका. दोन्ही हात अडकलेले असतील, तुम्हाला बेल वाजवता येणार नाही. मी दार उघडंच ठेवते.