पाचवी खाच

१ जून, रविवार

गाडी सुरू होईना. अकरा किका मारल्या. बाराव्या किकेला स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या — "चोक ओढा आधी! गारठलीय ती!"

चोक ओढला. सुरू झाली. लगेच त्याच म्हणाल्या, "आता बंद करा ते खेचर. कान किटले."

चौदा वर्षं खिडकीतून ऐकून पाठ झालं असणार त्यांना.

माझी बायको एदिल्मा, तिला जाऊन पंधरा आठवडे झाले. डोंगरावरच्या तिच्या शाळेत, हजेरी घेताना. डोक्यातली शीर फुटली. गाडीचा काही संबंध नव्हता, गाडी फाटकाबाहेर उभी होती. एका मुलीचा बाप ती खाली घेऊन आला. चालवत नाही — ढकलत. नऊ किलोमीटर! "प्रोफेच्या गाडीवर मी कसा बसू?" म्हणाला. शाळेतल्या बाईंना इथे सगळे प्रोफे म्हणतात. त्या दिवशी मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्याचं नाव विचारायला हवं.

ही वही तिचीच. शाळेसाठी आणलेली, कोरी राहिलेली.

४ जून, बुधवार

सासूबाईंनी आज स्पष्ट सांगितलं. औषधांच्या दुकानवाल्याला घरपोच औषधं द्यायला गाडी हवी आहे, त्याला देऊन टाका. "येता-जाता ओसरीत ती दिसते नि माझ्या छातीत कळ येते. माझी पोर नाही, आणि तिचं खेचर उभं! ते राहणार असेल तर मी नेइवाला धाकटीकडे जाते."

त्या गेल्या तर या घरात मी एकटा. मूलबाळ नाही आम्हाला. बोलायला, भांडायला त्याच काय त्या.

गाडी आली त्या दिवशी त्यांनी साऱ्या गल्लीसमोर शपथ घेतली होती — कार्मेल मातेची आण, या खेचरावर जन्मात पाय ठेवणार नाही. शब्दाच्या पक्क्या आहेत.

मी एवढंच मागितलं — सोळा जुलैपर्यंत राहू द्या. कार्मेल मातेच्या सणाला गाड्या सजवून चौकात आशीर्वादाला नेतात, एदिल्मा एकदाही चुकली नाही. ती पुढे, मी मागे फुगे सांभाळत. यंदाही गाडीवर पाद्रीबाबांचं पाणी पडू दे. मग देतो.

"नेणार कोण?"

"मी."

"तुम्ही? चालवत?" — आणि हसल्या. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. माझ्यावर का होईना, हसल्या.

७ जून, शनिवार

गुरांच्या बाजाराचं पटांगण आज रिकामं असतं. फानोर मेकॅनिक शिकवायला आला. दुकान बंद ठेवून! मी नोटरीच्या कचेरीतला कारकून, पण टाय लावणारा प्रत्येक माणूस त्याला डॉक्टरच.

"बसा डॉक्टर. नाही, पुढे. पुढे! मागे बसलात तर हाकणार कोण, मी?"

सवयीने मागेच बसलो होतो.

वळणं मला येतात. चौदा वर्षं तिच्यामागे बसून अंग आपोआप कलतं. पण हातांना काहीच माहीत नाही. फानोरने मध्ये एक ओंडका टाकला, गतिरोधक म्हणून. एदिल्माचं लक्ष दूर असायचं, खड्डे-गतिरोधक बघणं हे काम माझं. आला की तिच्या डाव्या खांद्यावर दोन थापा मारायच्या. आज ओंडका दिसला आणि माझा डावा हात हँडल सोडून वर गेला! खांदा शोधायला. क्लच सुटला, गाडीने उसळी मारली, मी आडवा.

फानोर हसला नाही. गाडी उचलली, माझी पँट झटकली. "पुन्हा," म्हणाला. बरा माणूस आहे.

८ जून

गुडघा सुजला आहे. सासूबाईंनी न विचारता शेकायला गरम पाण्याची पिशवी आणली. पायापाशी ठेवून गेल्या.

१४ जून, शनिवार

घरीच चेन साफ केली. रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश. काळं पाणी तासभर येत होतं. सैल वाटली म्हणून आवळली. मग चालवली तर कण्हल्यासारखा आवाज. फानोरकडे नेली. त्याने खालून बोट लावून बघितलं.

"डॉक्टर, ही चेन आहे. गिटारची तार नाही. दोन बोटं खालीवर व्हायला पाहिजे. प्रोफेने मरेपर्यंत एकदाही अशी आणली नव्हती."

मग जीभ चावली त्याने. मी म्हटलं, असू दे. खरं तर बरं वाटलं. तिचं नाव असं सहज कोणी घेत नाही. माझ्यासमोर सगळे आवाज खाली आणतात.

लायसन्सही आलं. फोटोत मी घाबरलेला दिसतो.

२१ जून, शनिवार

गाडी धुतली. सीट काढून सगळी माती काढली. सीटखाली तिचं रेनकोटचं पाकीट, पाना, खडूचा तुकडा आणि केसांचा एक आकडा. एदिल्माचे केस मानेपर्यंत कापलेले. आकडा कधी लावायची? कुणा विद्यार्थिनीचा असेल. खडूच्या डबीत ठेवला.

हेल्मेटं पुसली. दोन्हींच्या मागे गाडीचा नंबर. तिचं घालून बघितलं — लहान होतं. कानावर अडकलं. परत खिळ्यावर.

२५ जून, बुधवार

सासूबाई आजही जपमाळेला गेल्या नाहीत. पूर्वी बुधवारची दुपार कधी चुकायची नाही, मी कचेरीतून येईपर्यंत परतलेल्या असायच्या, गाल लाल. फेब्रुवारीपासून देवळाकडे फिरकल्याच नाहीत. देवावर रागावल्या असतील.

२८ जून, शनिवार

खडीच्या रस्त्यावर गाडी फार आदळते. दातावर दात बसतात. फानोरला सांगितलं. तो मागे वाकला, शॉकअपवर हात ठेवला.

"बसेलच ना दणका! पाचव्या खाचेवर आहे."

मला माहीत नव्हतं. मागच्या स्प्रिंगला पाच खाचा असतात. एकटा माणूस असेल तर एक-दोन. दोघं असतील तर पाच — कडक.

"प्रोफे सोमवारी हवा भरायला यायची, तिला किती वेळा म्हटलं, रोज एकटी शाळेत जातेस, खडीचा रस्ता, पाठ मोडेल. सैल करतो. तर म्हणायची, आज सैल करायचं नि परवा परत आवळायचं, कशाला? असू दे पाचवर. मागे माणूस बसतं."

मागे बसतं ते माणूस मी. शनिवारचा बाजार आणि कधीतरी रविवार. त्यासाठी आठवडाभर ती त्या रस्त्यावर आदळत गेली. आणि मी संध्याकाळी तिच्या पाठीला मलम चोळायचो, म्हणायचो, दिवसभर फळ्यासमोर उभी राहतेस, दुसरं काय होणार!

फानोरने पान्याने दोनवर केली. गाडी एकदम मऊ झाली. येताना रस्ता नीट दिसत नव्हता.

२९ जून

मलम मी चोळायचो. एक दिवसही चुकलो नाही. तेवढं तरी.

५ जुलै, शनिवार

आज एकटा वर शाळेपर्यंत गेलो. दुसऱ्या गिअरमध्येच, पण गेलो. ओढ्याजवळच्या वळणावर अंग आधी कललं, मग हात. दोघांचं जमायला लागलं आहे.

ढकलत गाडी आणणारा भेटला. एव्हेलियो त्याचं नाव. मी आभार मानले, नीट, टोपी काढून. तो लाजला. "नऊ किलोमीटर काय, डॉक्टर. तिने माझ्या पोरीला वाचायला शिकवलं." त्याच्या बायकोने गुळाचं गरम पाणी आणि मक्याचा आरेपा भाजून दिला, निघताना मागच्या सीटवर केळ्यांचा घड बांधला. गाठ इतकी पक्की की घरी कापावी लागली.

किती लोकांनी किती केलं आमच्यासाठी! मला तेव्हा दिसत नव्हतं.

१२ जुलै, शनिवार

जेवताना सासूबाईंना खाचेची गोष्ट सांगितली. का सांगितली, माहीत नाही. तक्रार नव्हती. तिच्याबद्दल कुणाशी तरी बोलायचं होतं.

त्यांचा चमचा थांबला. "परवा आवळायचं, असं म्हणाली? परवा?"

"फानोर तरी तसंच सांगतो."

"सोमवारचं परवा म्हणजे कोणता वार हो?"

मी म्हटलं, बोलण्यात येतं तसं. त्या उठून चुलीपाशी गेल्या. चुलीवर काहीच नव्हतं.

१५ जुलै, मंगळवार

फुगे, तपकिरी आणि पांढऱ्या फिती. आरसे पुसले. औषधवाला उद्या दुपारी गाडी न्यायला येतो. कागद मीच टाइप केलेत, सही तेवढी बाकी. शेवटची ओळ टाइप करताना दोनदा चुकलो.

पण सासूबाई राहतील. आणि मी चालवायला शिकलो, या वयात. एदिल्माला सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. पुष्कळ मिळालं. तक्रार नाही.

१६ जुलै, बुधवार

सकाळी गाडी काढली तर सासूबाई दारात. अंगात जाड जाकीट. खिळ्यावरून एदिल्माचं हेल्मेट काढलं, डोक्यात घातलं, पट्टा न बघता लावला. बरोबर बसलं.

"बघताय काय? बुधवारी कसली जपमाळ! या खेचरावरून नदीवर जायचो आम्ही दोघी. तळलेला मासा खायला. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, तुम्हाला कसं सांगणार? आणि शपथ घेतलेली साऱ्या गल्लीसमोर, ती मोडल्याचं कुणाला कळायला नको."

मी विचारलं, "औषधवाल्याला काय सांगू?"

"दुसरं खेचर बघ म्हणावं."

थांबा म्हटलं. पाना आणला. दोनवरून पाचवर.

चौकातल्या गतिरोधकाआधी माझ्या डाव्या खांद्यावर दोन थापा पडल्या.