टाकी अर्धी असताना

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, विमान संशोधन संस्थेतून निवृत्त झालेला गणिती, हे मृत्युपत्र स्वहस्ते व पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. डॉक्टरांनी आज सकाळी तपासून तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कुणाही माणसाचे दडपण नाही. जे आहे ते कलम चारमध्ये येईल.

कलम १. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची, तिच्या पश्चात मुलीची. पत्नीने चाळीस वर्षे माझे कागद न हलवता त्यांच्याभोवतीचा केर काढला, त्यामानाने हे फारच कमी आहे. वरच्या खोलीची खिडकी वाऱ्याने थडथडते, ती तिने आधी सुताराकडून नीट करून घ्यावी. महिनाभर मी त्या आवाजाकडे कान लावून बसलो आहे.

कलम २. स्लाइड रूल, ड्रॉइंगचे टेबल आणि लाकडी पट्टीला पुठ्ठ्याची शेपटी लावलेले खेळण्यातले विमान मुलीला. ती सहा वर्षांची असताना ते टेबलफॅनसमोर धरून मी तिला फडफड म्हणजे काय ते दाखवले होते. हळू वाऱ्यात शेपटी थोडी थरथरते आणि थांबते. वारा एका ठरावीक वेगापलीकडे गेला की तीच थरथर वाऱ्यातूनच बळ घेते, वाढत जाते आणि बघता बघता शेपटी तुटून पडते. तो वेग आधीच कागदावर काढून ठेवायचा, हे माझे आयुष्यभराचे काम. शेपटी तुटली तेव्हा ती रडली नाही. "बाबा, परत!" म्हणाली.

कलम ३. छोट्या प्रवासी विमानाचे गणित मुदतीच्या तीन महिने आधी संपवल्याबद्दल मिळालेली ढाल भंगारवाल्याला द्यावी. ती देताना संचालकसाहेबांनी माझी पाठ थोपटली होती. त्यांच्यावरचा राग मी सोबत नेणार आहे, त्यात कुणी वाटा मागू नये.

कलम ४. ते तीन महिने वाचले कसे, ते सांगतो. पंखातली टाकी पूर्ण भरलेली आणि पूर्ण रिकामी, अशी दोनच गणिते मी केली. दोन्ही सुरक्षित आली. बैठकीत एका सहकाऱ्याने विचारले, "आणि टाकी अर्धी असताना?" मी म्हणालो, "दोन्ही टोकं ठीक आहेत, मग मधलं काय आभाळातून पडणार आहे?" सगळे खो खो हसले. त्या दिवशी त्याचे नाव शंकासुर पडले. त्याला एकतीस वर्षे झाली. तेव्हापासून आमचे बोलणे नाही.

मागच्या महिन्यात वेळ जाईना, म्हणून निळ्या वहीत अर्ध्या टाकीचे गणित मांडले. पंखाच्या झुलण्याची लय नेमकी तिथेच शेपटीच्या लयीशी जुळते आणि धोक्याचा वेग एकदम खाली येतो. रोजच्या उड्डाणात विमान इतके वेगात जात नाही. घाईने खाली उतरताना जाऊ शकते. चार वेळा मांडले. तीनदा हेच उत्तर, एकदा सुरक्षित. त्या दिवशी मी पोटभर जेवलो, म्हणूनच त्या उत्तरावर माझा विश्वास नाही.

रोज नऊ चाळीसला ते विमान घरावरून जाते. आवाज पूर्ण विरेपर्यंत मी चहाचा कप उचलत नाही. मुलगी दर पंधरवड्याला त्यानेच येते, या गुरुवारीही येणार आहे. "बसने ये गं," म्हणतो. "बाबा, बारा तास? आणि तुमचंच तर विमान आहे!" शेजारच्या प्रवाशालाही सांगते म्हणे, शेपटीचं गणित माझ्या बाबांचं. तिच्या जिवाची मला भीती वाटते. तिच्या नजरेतून उतरण्याचीही वाटते, आणि या दुसऱ्या भीतीची लाज वाटते.

सबब, निळी वही माझ्या मृत्यूनंतर शंकासुराला द्यावी व त्याने गणित तपासावे. (हे वाक्य खोडले आहे. खोडल्याच्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही.)

खुलासा. मसुदा वाचून वकीलबाई म्हणाल्या, "काका, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये." साक्षीदार म्हणून मी त्यालाच बोलावले होते, भेटायला दुसरे निमित्त सुचले नाही. तो आला होता आणि स्टुलावर भिंतीकडे बघत बसला होता. मग बाईंनी चष्मा काढला. "आणि काका, हे उघडणार तुम्ही गेल्यावर. तोवर विमानं उडतच राहणार?"

हे माझ्या ध्यानात आले नव्हते, असे मी शपथेवर म्हणू शकत नाही. कपाटातून वही काढून मी त्याच्या हातात दिली. एकतीस वर्षांनी तो पहिला शब्द बोलला, "पान?"

"एकशे बारा," मी म्हणालो. "तुझं बरोबर होतं."

तेव्हा वही यापुढे माझ्या मालमत्तेत धरू नये. संस्थेने मला जो जाब विचारायचा तो मी जिवंत असताना विचारावा.

स्थळ: राहत्या घराची वरची खोली
दिनांक: १४ मार्च, मंगळवार, सकाळी अकरा

सही: मृत्युपत्र करणारा
साक्षीदार १, सही: घरचे डॉक्टर
साक्षीदार २, सही: माजी सहकारी, ऊर्फ शंकासुर

(साक्षीदार २ यांच्या हस्ताक्षरात:) पान ११२ वाचले. तिसऱ्या ओळीतले एक चिन्ह पुन्हा बघावे लागेल, पण उत्तर बदलेलसे वाटत नाही. वही घेऊन संस्थेत निघालो आहे. तू मुलीला आत्ता फोन कर. गुरुवारी बसने येऊ दे.