आतून उघडलेलं दार

१७ मार्च, सोमवार

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही दोघं बरे असाल. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? तिला सांग, तिनं विणलेली शाल सदैव ह्यांच्या पायांवर असते. धुवायला काढली की डोळे वटारतात.

वरच्या खोलीला तू रंग दिलास, खिडकीशी माझ्यासाठी टेबल ठेवलंस, आणि येत्या रविवारसाठी टेम्पो सांगून ठेवलास, हे वहिनीकडून कळलं. त्याचं बोलायचंच आहे. फोन न करता लिहायला बसले, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि मग मी फोन आपटते. कागदावर तसं होत नाही. पण आधी घरची बातमी. ती माझ्या पोटात राहायची नाही.

दादा, आमच्या घरात एक सर्व्हर आहे. आणि तो मी बसवलाय.

हस, हस. टीव्हीचा आवाज वाढवायला जाऊन चॅनेल बदलणारी तुझी बहीण. पण खरं सांगते. स्वयंपाकघराच्या फडताळात, पिठाच्या डब्याशेजारी एक जुना कॉम्प्युटर बसलाय. मी मुद्रितं तपासते त्या छापखान्याच्या मालकांनी तो भंगारात काढला होता. मी मागितला तर म्हणाले, "न्या की, पण तो चालत नाही हो, रांगतो." मी म्हटलं, आमच्याकडे कुणाला घाई नाही.

सुरुवात कशी झाली ते ऐक. हे खांबावरून पडले त्याला आता दीड वर्ष होईल. मान हलते, तोंड चालतं, खांद्याखाली काही नाही, हे तू पाहूनच गेलास. तू पाहिलं नाहीस ते नंतरचं. तू गेल्यावर हे बोलायचेच बंद झाले. पाणी हवं? मान. कूस बदलू? मान. मी बाहेरून आले आणि खोलीत अंधार असला तरी हे 'दिवा लाव' म्हणायचे नाहीत. साऱ्या गल्लीचे दिवे लावलेला माणूस, दादा! आमच्या लग्नात मांडवातली वीज गेली तेव्हा नवरदेवच स्टुलावर चढले होते, आणि तू त्यांना 'वीजमंत्री' म्हणालास. तेच वीजमंत्री अंधारात पडून राहायचे. मी आले की मी बटण दाबायची, आणि ते भिंतीकडे तोंड फिरवायचे.

एकदा व्यायाम द्यायला येणाऱ्या बाई त्यांचा खांदा चोळता चोळता म्हणाल्या, "माझा दुसरा एक पेशंट आहे, तुमच्यासारखाच. तो घरातले दिवे-पंखे स्वतः चालवतो, तोंडात काडी धरून, टॅबलेटवर." मी हं हं करत होते. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"रिले कुठला वापरलाय?"

बाई दचकल्या. मी तर हातातला वाडगाच सोडला. कित्येक आठवड्यांनी ह्या माणसाचं पहिलं वाक्य काय, तर रिले कुठला! रिले म्हणजे काय ते आता मला येतं. बारक्या इशाऱ्यावर मोठी वीज चालू-बंद करणारी टिचभर पेटी. बाईंना ठाऊक नव्हतं. ह्यांनी मला सांगितलं, "शोधून काढ."

तिथून आमची शाळा सुरू झाली. पलंगावर एक लोखंडी हात बसवला, त्यावर टॅबलेट. तोंडात रबरी टोकाची काडी. हे पानं उलटायचे, वाचायचे आणि मला सांगायचे, मी कॉम्प्युटरवर टाइप करायची. त्या जुन्या यंत्रातलं सगळं पुसून आधी लिनक्स घातलं, म्हणजे यंत्र चालवणारी फुकट मिळणारी प्रणाली. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि आपण हुकूम द्यायचा. हुकूम दिला की ते आधी म्हणणार, परवानगी नाही. मला इतका राग यायचा! माझ्या घरात, माझ्या फडताळात बसून मलाच परवानगी नाही? हे म्हणायचे, "अगं, मालक आहेस ते सांग त्याला. आधी 'सुडो' लिही, मग ऐकेल." लिहिलं की गुमान ऐकायचं.

लिनक्सवर वेब सर्व्हर. हा म्हणजे दारात उभा राहणारा सालस माणूस. टॅबलेटनं मागितलं की आतून पान आणून देतो, आणि परक्याला उंबऱ्याबाहेर ठेवतो. त्याच्या मागे घर चालवणारा प्रोग्रॅम. दिवा, पंखा, पडदा, दार हे सगळं त्याच्या ताब्यात. ह्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "बॅटरी जोडल्याशिवाय काही चालू करायचं नाही. वीज जाणार हे धरूनच वायरमन काम करतो."

वायरिंगही मीच केलं. आरसा असा लावला होता की त्यांना पलंगावरून माझे हात दिसावेत.

"मेन पाड."

"पाडलं."

"परत बघ."

"पाडलं म्हणते ना!"

"टेस्टर लावून बघ. मी पण 'पाडलं' म्हणूनच खांबावर चढलो होतो."

पडले त्याविषयी एवढंसुद्धा ते आजवर बोलले नव्हते. मी टेस्टर लावला. मग एकेक तार त्यांनी सांगितली तशी कसली. शेवटी म्हणाले, "तुझी गाठ माझ्यापेक्षा घट्ट बसते." दादा, ह्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाच्या तारेला बरं म्हटलेलं नाही. मी त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं.

दिवा झाला, पंखा झाला. दाराचं कुलूप जोडलं आणि सगळंच कोसळलं. पान येईना. वेब सर्व्हर एकच सांगायचा की मी हजर आहे, पण आतून कुणी उत्तर देत नाही. आठवडा गेला. पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. हे काडी थुंकून म्हणाले, "राहू दे. झाली तेवढी हौस पुरे. तू दादाकडे जा."

मला तेव्हा ते साधं चिडणं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या प्रोग्रॅमची दिवा, पंखा, दार लिहिलेली सगळी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन छापखान्यात गेले, कागदावर छापून घेतली, आणि लाल पेन घेऊन बसले. त्यातलं सगळं कळलं असं नाही. पण मुद्रित तपासायला अर्थ कळावाच लागतो असं थोडंच आहे? चुकलेली जागा डोळ्याला टोचते. त्या फाइलीत प्रत्येक ओळ समासापासून किती आत सरकवायची याचा कडक नियम असतो. कॉम्प्युटर तक्रार करत होता पंख्याच्या ओळीची. तिथं मला काही सापडलं नाही. वर जात राहिले. दाराच्या नोंदीखालची एक ओळ एका जागेनं बाहेर आली होती. एक रिकामी जागा, दादा! मी लाल खूण केली, आणि मालकांना सांगून तशीच घरी निघाले.

जागा भरली. पान उघडलं. ह्यांनी काडीनं पान खालीवर सरकवून पाहिलं. मग म्हणाले, "बाहेर जा. किल्ली इथं ठेव."

मी बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. "काय गं, नवऱ्यानं बाहेर काढलं?" मी म्हटलं, "हो, आणि आता तेच आत घेतील." त्या पण थांबल्या. काही होईना. काकू म्हणाल्या, "खाली सुताराला बोलावू का?" आणि तेवढ्यात कुलुपातून खट्ट आवाज आला. दार बोटभर आत सरकलं. काकूंनी तोंडावर हात ठेवला. मी आत गेले तर ह्यांच्या तोंडात काडी, डोळ्यांतून पाणी, आणि ते पुसायला हात नाही. मी पुसलं. म्हणाले, "ये. मीच उघडलं."

आता ते, ज्याच्यासाठी हे पत्र लिहिलं.

त्याच दमात ते म्हणाले, "दादाला कळव, सौदा रद्द." मला कळेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तू आला होतास तेव्हा, मी औषध आणायला खाली गेले असताना, ह्यांनीच तुला गळ घातली होती. हिला घेऊन जा. मला कुठंतरी ठेवा. मी सांगितलं असं तिला कळू देऊ नका, तुमच्याच मनानं सांगा. म्हणून तू फोनवर म्हणालास ना, 'त्यांची सोय मी करतो, तू इकडे ये'? आणि मी तुला वाटेल ते बोलले. माझा नवरा तुला अडगळ वाटतो म्हणाले. तू ऐकून घेतलंस. एवढे महिने माझं बोलणं अंगावर घेतलंस, पण त्यांचा शब्द मोडला नाहीस. वहिनीलासुद्धा सांगितलं नसशील. तू आहेसच तसा.

ऐकून मला धक्का नाही बसला, संताप आला. मी म्हटलं, "मला न विचारता माझा निकाल लावायला मी काय जुनी वायर आहे?" आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळायला लागले. तर दिवा गेला. परत आला. गेला. आला. मी ओरडले, "अहो, बंद करा तो खेळ!" तर पंखा भरारा सुरू. आतून ह्यांचा आवाज, "बोलायचं नसेल तर नको बोलूस, मी इथून त्रास देत राहीन." मला आधी रडू फुटलं, मग हसू. ते पडल्यापासून आमचं पहिल्यांदाच बरोबरीचं भांडण झालं. इतके दिवस मी चिडले तरी ते नुसते डोळे मिटायचे, आणि मिटल्या डोळ्यांशी कुणी भांडत नाही.

तेव्हा तो टेम्पो रद्द कर. पहिल्या तारखेपासून मी छापखान्यात पूर्ण वेळ जाणार आहे. सकाळी व्यायामाच्या बाई, दुपारी मदतीला एक मावशी, आणि मधल्या वेळात हे घरमालक. गरज पडली तर 'हाक' नावाचं बटण आहे, ते माझ्या फोनवर आणि काकूंच्या फोनवर वाजतं. काकू ते वाजायची वाटच बघत असतात. शिवाय बाईंच्या आणखी एका पेशंटच्या घरी असंच बसवायचंय. तिथली सून टाइप करते, हे इथून फोनवर सांगतात. काल तिला म्हणत होते, "पोरी, आधी मेन पाड. परत बघ." मी दाराआड उभी राहून ऐकलं. अभिमान वाटला म्हणून सांगते. कुणाजवळ तरी मिरवायचं होतं, आणि तुझ्यासारखं ऐकून घेणारं दुसरं कोण आहे?

तू दिलेला रंग वाया जाणार नाही. मी त्या खोलीत येऊन राहीन, चार दिवस चांगलं माहेरपण करीन. पण हे मला 'जा' म्हणतील तेव्हा नाही, दादा. 'जाऊन ये' म्हणतील तेव्हा.

वहिनीला नमस्कार.

आपल्या घरी सुखानं नांदणारी,
तुझी धाकटी