अप्पांची खुर्ची

४ नोव्हेंबर
गंगाखेडची सभा रंगली. मी तासभर बोलले. नंतर पंगत, आपल्या नेमाप्रमाणे एकाच सतरंजीवर, लहानथोर सगळे. जेवण झालं आणि उठताच येईना. दोन बायकांनी काखेत हात घालून उभं केलं. "मुंग्या आल्या पायाला," म्हणाले. खोटं. उजवा खुबा सहा महिने ठणकतोय.

९ नोव्हेंबर
नांदेडला डॉक्टर. खुब्याच्या हाडाला रक्त पोचत नाही, सांधा बदलायचा. एकावन्नाव्या वर्षी. "नंतर मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. कायम खुर्ची."
खुर्ची म्हटल्याबरोबर शंकरअप्पा आठवले. ह्यांना फक्त ऑपरेशनचं सांगितलं.

१० नोव्हेंबर
लिहून टाकते. चार वर्षांपूर्वी, पालमजवळ, अप्पांच्या गावात सभा. साठी उलटलेले, कपाळाला भस्म. पंगतीच्या टोकाला घरची खुर्ची आणून बसले. मी माइकवरून: "पंगत एक झाली, पण काहींची गादी सुटत नाही!" काय हशा. अप्पा जमिनीला हात टेकत खाली बसले. एक पाय सरळच राहिला. तो पाय मला तेव्हाही दिसला होता. दिसला होता. पण टाळ्या चालू होत्या.

२ डिसेंबर
ऑपरेशन होऊन पाच दिवस. दोन पायांत उशी, उठले की वॉकर. कार्यकर्त्यांना ह्यांच्याकडून निरोप: ताई पुण्याला शिबिरात. हे चिडले, "जन्मभर लोकाला सांगितलंस, लपवू नका, बोला. आता मला थापा मारायला लावायलीस."


२० डिसेंबर
जेवायला मी खुर्चीवर, हे खाली. वर ताट देताना म्हणाले, "वक्त्याला स्टेजच बरं." मी हसले. मग अर्धं ताट तसंच परत दिलं.

१८ जानेवारी
काठी घेऊन अप्पांकडे. ह्यांनी गाडीतून नेलं. अप्पा ओसरीत बाजेवर. मला बघून सुनेला हाक, "ताईला खुर्ची दे गं. हातवाली दे, उठायला बरं पडतंय."
टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.
मी म्हणाले, "अप्पा, मी चुकले. पुढच्या महिन्यात इथंच सभा आहे. माइकवर बोलले, माइकवरच माफी मागते."
"नको."
"पण अप्पा..."
"लोक इसरले हायेत. तुमी परत नाव घेणार, परत समदे माझ्या पायाकडं बघणार. तुमचं वझं उतरंल, माझं काय?" मग, "तुमाला बोलल्याबिगर जमतच न्हाई का ओ?"
सून तोंडाला पदर लावून हसली. निघताना तीच हळूच म्हणाली, तेव्हापासून अप्पा कुठल्या पंगतीला जात नाहीत. लग्नाला जातात, जेवायला घरी येतात.

१५ फेब्रुवारी
उद्या सभा. माफी तीनदा लिहिली, नाव गाळून. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचली तर टाळ्यांसाठी जागा सोडलेली. फाडली.
सरपंचबाईंना फोन. पंगतीत ओळीच्या मधोमध दोन खुर्च्या ठेवा.
"दुसरी कुणाला?"
"अप्पांना."
"ते येत नसतेत, ताई."
"तरी ठेवा."
अप्पांना निरोप पाठवला. एवढाच, की उद्या मी खुर्चीवर जेवणार आहे.

१६ फेब्रुवारी
भाषण वीस मिनिटांत आटोपलं. लोकांना वाटलं, आजारपण.
पंगत. मी खुर्चीवर, शेजारची रिकामी. वाढप्याने दोनदा विचारलं, "उचलू का?" नको म्हणाले. वरण वाढून झालं तेव्हा अप्पांची सून आली. रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "अप्पानं इचारलंय, हातवाली हाय का?"
नव्हती. माझी हातवाली होती. दुसरी बिनहाताची, आणि मी बघितलंच नव्हतं.
माझी द्यायला काठी टेकून उठले. उठेपर्यंत सून बिनहाताची बघून निघाली, गल्लीच्या वळणावर पोचली होती. हाक मारली. तीस वर्षं माइकवर बोलून आवाज तेवढ्या लांबही गेला नाही.
ताटं उचलेपर्यंत हातवाली खुर्ची रिकामी ठेवली, मी दुसरीवर. अप्पा आले नाहीत.
पण विचारलं तर होतं.